कुत्रीचा माज: रक्त थांबलं म्हणून तिला मोकळी सोडण्याआधी हे तपासा

आमच्या घरी आजवर चार कुत्र्या झाल्या. शिवाय ओळखीपाळखीतल्यांच्या पंधरा-वीस तरी मी माजाच्या दिवसांत सांभाळल्या असतील. डॉक्टर मी नाही. पण तोच तो घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं कळतं. "रक्त थांबून दोन दिवस झाले, आता मोकळी सोडू ना?" नाही, सोडू नका. का, ते खाली येईलच.

तुमच्याकडे यातलं नेमकं काय चाललंय ते आधी ठरवा:

- रक्त थांबलं, पण नर कुत्रे दारातून हलायला तयार नाहीत.
- तीन आठवडे उलटले तरी थेंब पडतच आहेत.
- चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.
- दीड वर्षाची झाली, पण माजावर आलेली एकदाही दिसली नाही.
- नसबंदी झालेली आहे, तरी मागची जागा सुजलीय आणि नर मागे लागतायत.
- माज होऊन दीड-दोन महिने झाले, नर जवळपासही आला नव्हता, तरी सडांना दूध आलंय आणि ती खेळणी कवटाळून कोपऱ्यात बसतेय.
- माज होऊन काही आठवडे झाले आणि आता ती मलूल आहे, खात नाही, पाणी मात्र ढसाढसा पितेय.

शेवटचं लक्षण तुमच्याकडे असेल तर हा लेख वाचत बसू नका. तिला आजच, शक्य असेल तर आत्ताच डॉक्टरांकडे न्या. बाकीच्यांनी पुढे वाचायला हरकत नाही.

पाळी नव्हे, माज

निम्मा घोळ 'पाळी' या शब्दाने केलाय. कुत्रीला रक्त दिसलं की आपण म्हणतो "हिची पाळी आली", आणि मग बाईच्या पाळीचा हिशोब तिला लावतो. चार-पाच दिवस रक्त, थांबलं की संपलं. पण बाईला रक्त जातं ते गर्भ राहिला नाही म्हणून, गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं तेव्हा. कुत्रीला ते बीजांडं सुटण्याच्या आधी येतं. तिच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढतं, गर्भाशयाला रक्ताचा पुरवठा वाढतो आणि बारीक केशवाहिन्यांतून रक्त पाझरतं. ही सगळी पूर्वतयारी असते. ती आटोपली की रक्त कमी होतं आणि तिथून पुढे कुत्री खरोखर गाभण राहू शकते.

पहिला टप्पा सरासरी ९ दिवसांचा, पण ३ दिवसांतही उरकतो आणि १७ दिवसांपर्यंतही लांबतो. या काळात नर मागे लागतात आणि ती त्यांच्यावर गुरगुरते, खाली बसते, उलट फिरून चावायला जाते. दुसरा टप्पाही सरासरी ९ दिवसांचा, पण ३ ते २१ दिवसांत कुठेही बसू शकतो. आता रक्त फिकं होतं आणि तीच कुत्री नरासमोर शेपटी बाजूला करून उभी राहते. मग साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचं, राज्य असतं, गर्भ राहिलेला असो वा नसो. हे लक्षात ठेवा, खोटं गाभणपण आणि गर्भाशयातला पू या दोन्हींचं मूळ तिथेच आहे. त्यानंतर चार-पाच महिने विश्रांती.

एकूण चक्र सहा-सात महिन्यांचं. लहान चणीच्या काही कुत्र्या चार महिन्यांनीही येतात, थोराड जातींच्या काहीजणी वर्षातून एकदाच. बासेंजी आणि तिबेटी मास्टिफ तर वर्षातून एकदा येण्यासाठीच ओळखल्या जातात. पहिला माज बहुतेकींना ६ ते १२ महिन्यांच्या वयात येतो. अगदी महाकाय जातींना दीड ते दोन वर्षं लागू शकतात. आणि म्हातारपणी हे बंद होत नाही. अंतर वाढतं, लक्षणं मंदावतात, पण दहा वर्षांची कुत्रीही गाभण राहते.

आता तपासण्या. सोप्यापासून अवघडाकडे, फुकटापासून खर्चिकाकडे.

१. तारीख

रक्ताचा पहिला थेंब कधी दिसला? 'मागच्या आठवड्यात कधीतरी' हे उत्तर चालत नाही, कारण पुढचा सगळा विचार या एका तारखेवर उभा आहे. तीन आठवडे उलटले का, मधलं अंतर चार महिन्यांपेक्षा कमी आहे का, दूध आलं ते कितव्या आठवड्यात, नसबंदी कधी करायची, यातल्या एकाही प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नाही. माझ्याकडे आलेल्या 'माज संपतच नाही' या तक्रारींपैकी बऱ्याचशा घरच्यांना बसवून दिवस मोजल्यावर तिथेच मिटल्या. 'महिना झाला' म्हणणाऱ्यांचे सतरा दिवस निघतात. रोज फरशी पुसणाऱ्याला दिवस लांबच वाटतात, त्यात त्यांची चूक नाही.

जुन्या माजाच्या तारखा आठवत नसतील तर मोबाइलमधले फोटो चाळा. डायपर घातलेली कुत्री किंवा सोफ्यावर टाकलेली जुनी चादर फोटोत सापडते आणि फोटोवर तारीख असतेच.

तारखा मांडल्यावर तीन गोष्टी कळतात. पहिल्या थेंबापासून २१ दिवस झाले नसतील तर रक्त दिसो न दिसो, माज चालू आहे असं धरा. माझा स्वतःचा नियम याहून कडक आहे. २१ दिवस पूर्ण आणि त्यात सूज पूर्ण उतरलेली, वर आणखी एक आठवडा पट्टा. दुसरी गोष्ट, चार-पाच दिवसांत आटोपून दोन ते दहा आठवड्यांत पुन्हा सुरू झालं तर बहुधा तो तुटक माज आहे. पहिल्या खेपेला तरुण कुत्र्यांत हे सर्रास होतं. शरीर तयारी करतं, बीजांडं न सोडताच माघार घेतं आणि काही आठवड्यांनी नव्याने सुरुवात करतं. याला औषध लागत नाही, पण दुसऱ्या खेपेचे २१ दिवस पहिल्या थेंबापासून नव्याने मोजायचे. तिसरी, दोन माजांमधलं अंतर वारंवार चार महिन्यांपेक्षा कमी भरत असेल तर मात्र घरगुती उपाय थांबवा. डॉक्टरांना तारखा दाखवा.

२. पांढरा कागद

सकाळी उठल्या उठल्या, ती स्वतःला चाटून साफ करायच्या आधी, पांढरा कागदी रुमाल मागच्या जागेवर हलकेच टेकवा आणि उजेडात बघा. दाबायचं, पुसायचं, आत काही घालायचं नाही.

पहिल्या दिवसांत डाग गडद लाल असतो. हळूहळू तो धुवट होतो. नवव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास मांसाच्या धुवणासारखा फिका गुलाबी, मग वाळल्या गवताच्या रंगाचा. झिपरीचे, म्हणजे आमच्या तिसऱ्या कुत्रीचे, असे चौदा रुमाल मी एका दोरीवर ओळीने वाळत घातले होते, खाली चिमट्याला तारखेची चिठ्ठी. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, पण नवव्या आणि अकराव्या रुमालातला फरक बघितल्यावर 'थांबलं' आणि 'बदललं' यांतला घोटाळा सगळ्यांना एकदम कळला. काही कुत्र्यांचं रक्त मात्र दुसऱ्या टप्प्यातही लालच राहतं. म्हणून रंग हा एकटा पुरावा नव्हे.

काही कुत्र्या इतक्या टापटिपीच्या असतात की घरात थेंब दिसतच नाही. 'दीड वर्षाची झाली तरी माजच नाही' म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या अंथरुणावर महिनाभर पांढरी चादर घालावी. कधीकधी रक्त आणि सूज दोन्ही नावापुरती असतात. गोठ्यात ज्याला मुका माज म्हणतात तोच हा. नर कुत्र्याला तो बरोबर कळतो, आपल्याला नाही.

रुमालावर पिवळट-हिरवट, चॉकलेटी किंवा घाण वास मारणारं काही आलं तर ते माजाचं नव्हे. इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा. माजाच्या स्रावाला फारसा वास नसतो, निदान आपल्या नाकाला तरी.

३. शेपटी आणि सूज

कंबरेच्या शेवटी, शेपटीच्या मुळाशी बोटांनी खाजवा. दुसऱ्या टप्प्यातली कुत्री जागच्या जागी खिळते, मागचे पाय घट्ट रोवते आणि शेपटी झपकन एका बाजूला वळवते. पहिल्या टप्प्यातली शेपटी खाली दाबून घेते किंवा सरळ बसते. सूजही बघा. पहिल्या टप्प्यात ती टम्म, कडक असते. दुसऱ्यात मोठीच राहते पण मऊ पडते. शेपटी वळतेय आणि सूज मऊ आहे, तर रक्त शून्य असलं तरी ते तिचे सगळ्यात धोक्याचे दिवस आहेत.

इथे माझीच गोष्ट सांगते. चांदी आमची पहिली कुत्री. तिचं रक्त नवव्या दिवशी जवळजवळ थांबलं. अकराव्या दिवशी मी वाळलेले कपडे काढायला मागचं दार उघडलं आणि ते उघडंच राहिलं. दहा मिनिटांनी बाहेर गेले तर ती आणि गल्लीतला एक तांबूस कुत्रा एकमेकांकडे पाठ करून अडकून उभे. मी घाबरून बादलीभर पाणी ओतलं, ओढायला गेले. दोन्ही चूक. नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ फुगते आणि ती उतरेपर्यंत जोड सुटत नाही. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. ओढलं तर दोघांनाही इजा होते. कुत्रीला शांत धरून उभं राहायचं, एवढंच आपल्या हातात. चांदीला नऊ आठवड्यांनी सहा पिल्लं झाली.

हिशोब असा आहे. बीजांडं सुटतात तेव्हा ती कच्ची असतात, पिकायला आणखी दोन-तीन दिवस घेतात आणि मग आणखी दोन-तीन दिवस टिकतात. नराचे शुक्राणू तिच्या अंगात पाच ते सात दिवस सहज जगतात. म्हणजे 'त्या दिवशी एकदाच झालं, काही होणार नाही' याला काही अर्थ नाही. एकाच वेतात दोन नरांची पिल्लंही असू शकतात.

४. रक्त नक्की तिथूनच येतंय का?

तीन आठवडे उलटून गेल्यावर, किंवा तारखांचा मेळ बसत नसेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण प्रत्येक लाल थेंब माजाचा नसतो, आणि माज समजून थांबण्यात दिवस जातात.

ती लघवी करत असताना मागून बघा. थोडं थोडं, वारंवार, कुंथत करतेय आणि लाल रंग लघवीतच आहे, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा खडा असू शकतो. माजातही कुत्री वारंवार लघवी करते, पण ती वास सोडण्यासाठी, ठिकठिकाणी, मजेत. कुंथत नाही.

ओठ वर करून हिरड्या बघा, पोटाची उघडी कातडी बघा. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके असं काही दिसलं तर रक्त गोठण्यातच बिघाड असू शकतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात प्लेटलेट घसरतात तेव्हा असं होतं. उंदीर मारायचं औषध पोटात गेलं असेल तरीही होतं, आणि ते खाल्ल्यावर लगेच नव्हे तर काही दिवसांनी दिसतं. यापैकी कुठल्याही शंकेला वाट बघायची नसते.

बाहेर मोकळी फिरलेली किंवा रस्त्यावरून आणलेली कुत्री महिनोन्महिने थेंब थेंब रक्त टाकत असेल, तर जननमार्गातली संसर्गजन्य गाठ डोक्यात ठेवा. ही गाठ समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, फुलकोबीसारखी दिसते आणि बहुतेक वेळा केमोथेरपीच्या इंजेक्शनांनी पूर्ण बरी होते. मी अशी एक बघितलीय जिला मालक वर्षभर 'हिचा माज लांबलाय' म्हणत होते.

आणि माजाच्या ऐन दिवसांत मागून गुलाबी, ओलसर गोळा बाहेर डोकावला तर घाबरून तो आत ढकलू नका. इस्ट्रोजेनमुळे योनीची भिंत सुजून बाहेर येते. तरुण कुत्र्यांत आणि बसक्या नाकाच्या जातींत जास्त. चाटू नये म्हणून गळ्यात कोन (डोक्याभोवती येणारी प्लास्टिकची कॉलर) घाला, गोळा स्वच्छ आणि ओला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

५. नसबंदी झालेली असूनही?

सगळ्यात आधी ही अगदी सोपी गोष्ट विचारा. घरात कुणी संप्रेरकाचं मलम किंवा जेल लावतं का? रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी हातावर, मांडीवर लावायच्या जेलमध्ये इस्ट्रोजेन असतं. कुत्री तो हात चाटते, मांडीवर झोपते आणि तिला सूज येते, कधी रक्तही. ऐकायला गंमत वाटते, पण मलम लावलेली जागा झाकली आणि कुत्रीला चाटू दिलं नाही की काही आठवड्यांत सूज उतरते. एक ऑपरेशन वाचलेलं मी पाहिलंय.

घरात तसं काही नसेल तर दुसरी शक्यता म्हणजे बीजकोशाचा तुकडा आत राहिला असणं. तो राहिला तर कुत्री काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नियमित माजावर येऊ लागते. हे घरी ठरत नाही. लक्षणं चालू असताना, म्हणजे ओसरायच्या आधीच, डॉक्टरांकडे न्या. निदान त्याच दिवसांत सोपं जातं.

याच्या उलटंही असतं. दत्तक आणलेली मोठी कुत्री माजावर येतच नाही म्हणून लोक काळजी करतात आणि तिची नसबंदी आधीच झालेली निघते. कानाला खाच आहे का बघा, पोटाचे केस ओले करून मधोमध व्रणाची रेघ शोधा. ती नसेल, कुत्री दोन वर्षांची होऊन गेली आणि चादरीवरही काही दिसत नाही, तर रक्ततपासणी करून घ्या. स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी माज दबतो.

६. दूध, खेळणी आणि कोपरा

माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी कुत्री जमीन खोदते, उशीची वासलात लावते, एखादं खेळणं पिल्लू समजून जवळ घेते. खोटं गाभणपण. दोन महिने चढलेलं प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं आणि तिच्या शरीराला वाटतं की पिल्लं झाली. हा आजार नव्हे. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकींचं आपोआप ओसरतं.

आपण फक्त आगीत तेल ओतायचं नाही. दूध पिळून बघायचं नाही, सड चोळायचे नाहीत, शेकायचे नाहीत. प्रत्येक स्पर्शाने दूध वाढतं. ती स्वतः चाटत असेल तर कोन किंवा अंगात जुना टी-शर्ट घाला. खेळणी हळूहळू काढून घ्या, फिरणं वाढवा. सडांची जागा लाल, गरम, कडक झाली, दुधात पू किंवा रक्त दिसलं, किंवा ती खाणं सोडून बसली तर डॉक्टर. प्रोलॅक्टिन उतरवणारं औषध असतं, पण ते त्यांनी द्यायचं. अर्थात नर जवळ आला होता की नाही याची शंभर टक्के खात्री असेल तरच 'खोटं' म्हणा. नाहीतर सोनोग्राफी करा. साधारण २५व्या दिवसानंतर पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात.

७. पाणी आणि थर्मामीटर

ही तपासणी माज संपल्यापासून तीन महिने अधूनमधून करायची, विशेषतः पाच-सहा वर्षांपुढच्या कुत्रीची. सकाळी मोजून पाणी भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते निश्चित जास्त आहे. गुदद्वारात थर्मामीटर लावलात तर निरोगी कुत्रीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट.

मी यावर एवढी का अडून बसते? कारण माजात गर्भाशयाचं तोंड उघडं असतं, जिवाणू आत शिरतात. मग तोंड मिटतं, प्रोजेस्टेरॉन अस्तर जाड करतं, गर्भाशयाची हालचाल थांबवतं आणि आत पू साठतो. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण चौथा हिस्सा दहा वर्षांची होईपर्यंत या आजारात सापडलेला दिसतो. पू बाहेर आला तर किमान कळतं तरी. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, फक्त पोट फुगतं, ती पाणी पीत राहते, उलट्या करते, मागच्या पायांत जोर राहत नाही. तापमान वाढलेलंच असेल असंही नाही. नॉर्मल आकडा बघून निर्धास्त राहू नका. यावर उपाय बहुतेक वेळा तातडीचं ऑपरेशन हाच, आणि त्यात तास मोजले जातात.

तीन आठवडे सांभाळायचं कसं

पट्टा, नेहमी पट्टा. अंगणातही. कुंपणाच्या जाळीतून जुळलेली जोडी मी डोळ्यांनी बघितलीय. फिरायला नेताना तिला उचलून किंवा गाडीतून थोडं लांब नेऊन मग खाली उतरवा, म्हणजे वासाची रेघ थेट तुमच्या दारापर्यंत येत नाही. घरातच नर असेल तर मधे एक बंद दार पुरत नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्या घरी ठेवा. भाऊ, बाप, मुलगा हे नातं कुत्र्याला कळत नाही. नराची नसबंदी नुकतीच झाली असेल तर पुढचे काही आठवडे तोही गर्भ ठेवू शकतो. दोन माद्या एकत्र असतील तर या दिवसांत भांडणं विकोपाला जातात, तिथेही लक्ष हवं.

डायपर फरशीसाठी असतो, नर अडवण्यासाठी नव्हे. दर काही तासांनी बदला आणि रात्री काढून ठेवा, नाहीतर कातडी सोलते. वास मारणारे फवारे आणि गोळ्या यांवर माझा विश्वास नाही. तो फवारा ती चाटणार, एवढंच त्यातून निघतं. साफ करायला कोमट पाणी पुरे, आत पाणी मारायचं नाही.

माज पुढे ढकलायच्या इंजेक्शनाबद्दल दर वेळी विचारणा होते. त्यातलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध गर्भाशयात पू, सडांच्या गाठी आणि मधुमेह यांचा धोका वाढवतं. मी माझ्या कुत्रीला दिलं नसतं. आणि माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या तर मुळीच नकोत.

इथे थांबायचं

नको असलेलं जुळणं झालं तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना फोन करा. सहा आठवड्यांनी पोट दिसल्यावर करू नका. काही देशांत २४ तासांच्या अंतराने द्यायची दोन इंजेक्शनं मिळतात, कधी नसबंदी हाच मार्ग असतो. इस्ट्रोजेनचं जुनं इंजेक्शन कुणी सुचवलं तर धोके विचारून घ्या. ते अस्थिमज्जा मारू शकतं.

रक्त आणि सूज चार आठवड्यांपुढे गेली तर ती बीजकोशातली पाण्याची गाठ किंवा अर्बुद (ट्यूमर) असू शकतं. इस्ट्रोजेन लांबत राहिलं की तेही अस्थिमज्जेवर उठतं, म्हणून 'अजून आठवडाभर बघू' म्हणू नका. डॉक्टर योनीतल्या पेशी काचपट्टीवर बघतील. इस्ट्रोजेन चढलेलं असताना त्या चपट्या, कडा दुमडलेल्या आणि केंद्रक नसलेल्या दिसतात. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं की बीजांडं सुटली की नाही ते कळतं. दर मिलीला १ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे अजून नाही, ५च्या आसपास म्हणजे सुटतायत. पिल्लं हवी असणाऱ्यांनीही दिवस मोजण्यापेक्षा हीच तपासणी करावी, आणि जुळवण्याआधी दोघांची ब्रुसेलाची (समागमातून पसरणाऱ्या एका जिवाणूची) चाचणी.

नसबंदी करायची असेल तर ऐन माजात नको. तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव वाढतो. माजानंतर दोन-तीन महिन्यांनी, दूध पूर्ण ओसरल्यावर. दूध असतानाच केली तर खोटं गाभणपण लांबतं. गर्भाशयात पू असेल तर मात्र हे सगळं बाजूला, तेव्हा ऑपरेशन त्याच दिवशी. मोठ्या जातींच्या पिल्लांची कोणत्या वयात करायची, ते सांध्यांचा विचार करून डॉक्टरांशी बोलून ठरवा.

डॉक्टरांना फोन करताना कागदावर एवढं लिहून ठेवा: वय, वजन, पहिल्या थेंबाची तारीख, मागच्या दोन माजांच्या तारखा, नराशी संबंध आला असेल तर तो दिवस, कालचं पाणी किती मिली, चालू असलेली औषधं. आणि रुमालाचा फोटो पाठवा, पांढऱ्या उजेडात काढलेला.